डोंगळ्यांचा मांडव

"फुलाचं राहू द्या," नवसाबाई म्हणाली. "फुलाच्या नावानं कागदावर काहीच लिहू नका."

याद्या चालू होत्या. नाथाच्या ओट्यावर सतरंजी टाकलेली, तिच्यावर सिन्नरची पाहुणेमंडळी मांडी घालून बसलेली. कपडा कुणाचा, भांडी कुणाची, वाजंत्री कुणाची, सगळं ठरत आलं होतं आणि गाडी फुलांवर येऊन अडली होती.

नवरदेवाची आई, साधनाबाई, डोळ्यावरचा चष्मा वर करून म्हणाली, "अहो विहीणबाई, आमच्याकडं हॉलवाल्याचं पॅकेज हाय. स्टेज, कमान, गाडीची सजावट, सगळं त्याच्यात. फुलं प्लॅस्टिकची असतात, पन हात लावल्याशिवाय कळत नाय."

"आन हात लावल्यावर?"

"हात कोन लावतंय?"

"मी लावीन ना!" नवसाबाई उसळली. "माझी पोर हाय. फुलाच्या गावची. तिला प्लॅस्टिकखाली उभी करू? मेल्यावर वरती काय तोंड दाखवू?"

नाथा, तिचा नवरा, हळूच म्हणाला, "अगं, दमानं." नाथा सगळ्यालाच 'दमानं' म्हणतो. विहिरीत बैल पडला तरी तो दमानंच म्हणेल.

साधनाबाई काही वाईट बाई नव्हती. पण पोराची आई होती. ती म्हणाली, "ठीक हाय. लग्न तुमच्या गावात करा, तुमच्या दारात. फुलं तुमची. पन मांडव उघडा दिसला, तर मी चार लोकांत बोलेन बरं का. मग राग मानायचा नाय."

"उघडा दिसला तर काय बोलायचं ते बोला," नवसाबाई म्हणाली. "गाव हाय माझं मागं."

गाव हाय माझं मागं. ते वाक्य मी माझ्या कानानं ऐकलं. आमचा ओटा त्यांच्या ओट्याला लागून आहे.

आता ती असं छातीठोक का म्हणाली, ते सांगतो. आमचं गाव दारणेच्या काठचं. काळी जमीन, विहिरीला पाणी, नाशिकचा फूलबाजार हाकेच्या अंतरावर. निम्म्या गावात झेंडू, शेवंती, निशिगंध. आणि फुलवाल्या घरांत एक जुनी रीत आहे. ज्याच्या घरी पोरीचं लग्न, त्याच्या वावरातलं फूल मांडवात लावायचं नाही. फुलं गावानं आणायची. लग्नाच्या आदल्या दिवशी प्रत्येक घरातून एक टोपली येते, टोपलीसोबत एक बाई येते, बाईसोबत तिची सुई. अंगणात गोणपाट टाकून बाया ओवायला बसतात. पैसा नाही, हिशोब नाही. आज तुझ्या दारात, उद्या माझ्या दारात. सावडच ती, फक्त फुलांची.

म्हाताऱ्या बाया त्याचं कारण सांगतात. घरच्याच फुलात पोर उभी राहिली तर तिच्या मागं गाव नाही, असं सासरचे धरतात. गावाच्या फुलात गेली, तर तिला कुणी एकटी समजत नाही.

नवसाबाई लग्न होऊन आली तेव्हापासून या गावात एक मांडव असा नाही, जिथं तिची टोपली गेली नाही. ओली बाळंतीण असतानासुद्धा गेली होती. बोटाला सुई लागून नखुरडं झालं, तर डाव्या हातानं ओवलं. तिच्या धाकट्या जावेच्या, साळूबाईच्या पोरीच्या लग्नात तर सगळा मांडव हिनंच उभा केला. साळूबाई तेव्हा चारचौघींत म्हणाली होती, "बाई, तुमच्या निकीच्या लग्नात मी सुई खाली ठेवणार नाय." आमच्याकडं थोरल्या जावेला बाई म्हणतात.

दुसरं एक सांगायचं राहिलं. नवसाबाईच्या वावराच्या वरच्या तुकड्यात दरवर्षी डोंगळे असतात. डोंगळे म्हणजे बियाण्याचा कांदा. निवडलेला कांदा पुन्हा जमिनीत लावायचा, त्याला कंबरेइतक्या नळ्या येतात आणि प्रत्येक नळीच्या टोकाला पांढरा गोल गोंडा फुलतो. त्या गोंड्यात काळं बी धरतं. त्याला आम्ही उळं म्हणतो. बाजारात पुडीतलं उळं मिळतं. पण पुडीवर चित्र एक असतं आणि वावरात निघतं भलतंच. अर्धे कांदे जोड, अर्धे फुलावर जातात. नवसाबाईचं उळं मात्र आईच्या दुधासारखं. दसरा झाला की अख्खं गाव तिच्या दारात डबा घेऊन उभं राहतं. तीही माप बघत नाही, ओंजळ ओतते. आमच्या घरी फूल नाही, द्राक्षं आहेत. पण बांधाकडेच्या कांद्याला उळं तिचंच.

तर लग्न माघातलं, रविवारचं. गुरुवारी साळूबाईचा पोरगा किशोर आला. हा किशोर आधी टेम्पो चालवायचा. आता नाशकात डेकोरेशनचा धंदा टाकलाय. अंगात काळा शर्ट, कानात ते पांढरं बोंडूक. तो नवसाबाईच्या झेंडूत येऊन उभा राहिला. पिवळाधम्मक प्लॉट, ऐन तोडणीला आलेला.

"काकू, मोठी ऑर्डर हाय रविवारची. एका बिल्डरच्या पोरीचं लग्न, लॉन्सवर. तुमचा तोडा देता का शनिवारी?"

"घेऊन जा की!" नवसाबाई खुरपं टेकवून उठली. "मला तसंबी माझं फूल चालत नाय. झाडावरच वाळलं असतं. तुलाच कामाला येऊ दे बाबा. तू काय परका हाय?"

"सगळा प्लॉट लागेल."

"सगळा ने. मला गावाचं येणार हाय ना. आन तुझ्या आईला सांग, शनिवारी लवकर ये म्हना. ती आल्याबिगर मी दोराच धरणार नाय."

किशोरनं मान हलवली. "सांगतो काकू," म्हणाला.

सांगतो म्हणाला! तेव्हा त्या हरामखोराच्या खिशात सगळ्या गावाची फुलं होती. एकेक दारात जाऊन, बाजारापेक्षा चढा भाव देऊन, इसार देऊन आला होता. आणि फुलंच नाही, ओवणाऱ्या बायाही सांगून झाल्या होत्या. रोजानं. त्यात पहिली बाई कोण? त्याची आई. आणि एवढं सगळं करून तो शेवटी आला नवसाबाईच्या वावरात, तिचं स्वतःचं फूलही न्यायला. तिनं आपल्या हातानं ते त्याच्या ओंजळीत घातलं, वरून चहा पाजला.

शनिवारी पहाटेच्या दहिवरात तिचा प्लॉट तोडून गेला. हिरवी झाडं तेवढी राहिली, डोकं भादरल्यासारखी.

नवरीला, निकिताला, हळद लागली. नवसाबाईनं अंगण सारवलं, गोणपाटं भिजवून अंथरली, सुया काढल्या, दोऱ्याची रिळं ताटात मांडली. चुलीवर पातेलंभर चहा ठेवला. गवती चहा घालून, साळूबाईला आवडतो तसा. आणि ओट्यावर बसली.

दहिवर वाळलं. ऊन ओट्यावर चढलं. चहा आटला, तिनं पुन्हा पाणी घातलं.

मग रस्त्यानं किशोरचा टेम्पो गेला. मागं क्रेटवर क्रेट, पिवळे, केशरी, पांढरे. क्रेटच्या मधल्या फटीत बाया बसलेल्या, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून. आणि पुढं ड्रायव्हरशेजारी साळूबाई. तिनं समोर बघितलं. फक्त समोर. आमच्या घरांवरून जाताना माणूस डाव्या हाताला बघतोच, तिथं वळण आहे. तिनं बघितलं नाही.

नवसाबाई उठली. चपला घालायचंही भान नाही. आधी झिपरूच्या दारात गेली. झिपरूची शेवंती म्हणजे गावात नाव.

"झिपरूभाऊ, टोपली?"

झिपरू डोकं खाजवायला लागला. "वहिनी, ते... किशोर मागं लागला हो. मी म्हनलं, माझ्या एका टोपलीनं काय अडतंय? बाकीचे देतीलच तुम्हाला."

भागीबाईच्या दारात गेली. भागीबाई म्हातारी, फुलांच्या रितीचा कायदा तोंडपाठ असलेली. ती म्हणाली, "बाई, माझा निशिगंध थोडाच व्हता. मला वाटलं झिपरूची शेवंती येऊ राह्यली, तर माझ्यावाचून काय खोळंबा हाय."

पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी तेच. शब्दसुद्धा तेच: एका टोपलीनं काय होतं, बाकीचे देतील. कुणी कट केला नव्हता. कट केला असता तर बरं झालं असतं, निदान एका माणसाला शिव्या देता आल्या असत्या. इथं प्रत्येकानं फक्त एका टोपलीचा दगा दिला होता. आणि एकेक टोपली करून माझ्या गावानं एका बाईला अख्खी विकली. गाव करी ते राव न करी, असं म्हणतात. इथं गावानं पैसेवाल्या रावाचंच काम केलं.

ती परत आली तेव्हा तिचे पाय काळ्या मातीनं भरले होते. नाथा म्हणाला, "दमानं घे. नाशकाला फोन केला व्हता मी आडत्याला. उद्या दाट मुहूर्त हाय म्हने. तरी बघतो, दोन-चार क्रेट इकत..."

"इकत?" ती एकदम शांत आवाजात म्हणाली. तिचा शांत आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "मी इतकी वर्सं जे गावाला फुकट देऊ राह्यले, ते माझ्या पोरीला इकत? आन उद्या तेच क्रेट किशोरच्याच टेम्पोतून यायचे."

"मग हॉलवाल्याला..."

"प्लॅस्टिकचं नाव काढू नका."

ती घरात गेली. मला वाटलं, रडायला गेली. बाहेर आली तेव्हा हातात विळा होता. नाथा दचकला. मीही दचकलो, खोटं कशाला बोलू? मला वाटलं, आता किशोरच्या दारात जाते ही.

ती वरच्या तुकड्याकडं निघाली. डोंगळ्यांकडं.

वरचा तुकडा तेव्हा असा फुलला होता की लांबून बघणाऱ्याला वाटावं, वावरावर चांदणं सांडलंय आणि उचलायचं राहिलंय. पांढरे गोल गोंडे, एकसारख्या उंचीचे, वाऱ्यानं एकदम झुकणारे. मधमाश्यांचा नुसता घोंगाट. तिनं पहिली नळी धरली आणि कापली.

"आई!" मागून निकिता धावत आली. अंगाला ओली हळद, कपाळावर मुंडावळ्यांचा दोरा. हळद लागलेल्या पोरीनं शीव ओलांडायची नसते. ती बांधावर थबकली. "आई, बी हाय ते! आत्ता कापलं तर उळं धरणार नाय. पुढच्या साली काय टाकशील?"

"पुढच्या सालचं पुढच्या साली."

"आन गाव? गाव काय टाकील?"

नवसाबाईनं मान वर केली. तिच्या डोळ्यांत कांद्याचं पाणी होतं का दुसरं, ते विचारायची माझी छाती नाही.

"गावाचं कोन विचारू राह्यलं इथं?" ती म्हणाली.

"पन आई, घरचं फूल चालत नाय ना आपल्यात."

"कांद्याला फूल कोन म्हनतं? आजवर कुन्या देवाला वाहिलं का? हे फूल नाय, हे बी हाय. रीत मोडत नाय. तू घरी जा. बांधावर उभी राहू नको, वाऱ्यानं हळद वाळंल."

पोरगी हलली नाही. पदर तोंडात कोंबून तिथंच उभी राहिली.

मी आणि माझी बायको सविता विळे घेऊन वावरात उतरलो. कुणी सांगितलं नव्हतं. नाथाही आला. दिवस मावळायच्या आत तुकडा रिकामा झाला. बांधाच्या कडेचे मूठभर गोंडे तेवढे नवसाबाईनं राखले. सविता तिकडं वळली तशी ती म्हणाली, "तेवढे राहू दे. ते माझे."

डोंगळ्याची नळी सुईनं ओवत नाही, फाटते. म्हणून जुड्या बांधल्या, सुतळीनं, आणि मांडवाच्या प्रत्येक मेढीला वरपासून खालपर्यंत लावल्या. कमानीला दाट. हिरवं म्हणून आमच्या बागेतले द्राक्षाचे वेल छाटून आणले. सकाळी ऊन आलं आणि आम्ही चौघं चार पावलं मागं सरकून बघत राहिलो. पांढराशुभ्र मांडव. असा मांडव नाशिक जिल्ह्यात कुणी बघितला नसेल, पैज लावून सांगतो. फक्त, जवळ गेलं की वास यायचा. उग्र नाही. पण कांद्याचा तो कांद्याचाच.

आणि मधमाश्या. त्या आपलं वावर शोधत मांडवात आल्या.

वऱ्हाड उतरलं. साधनाबाई कमानीखाली थांबली. नाक आक्रसलं. तिच्या मागं कुणीतरी टवाळ बोललंच, "पंगतीला भजी दिसतात राव आज!" हशा झाला.

साधनाबाई म्हणाली, "विहीणबाई, फुलांचं गाव म्हनले व्हते तुम्ही."

नवसाबाई आरतीचं ताट घेऊन समोर उभी. हातावर विळ्याचे ओरखडे. "बोला ना," ती म्हणाली. "बोलायचं ठरलंच व्हतं. मी राग मानणार नाय."

साधनाबाईनं कमानीकडं बघितलं, मग नवसाबाईच्या हाताकडं. तिचं माहेरही शेतकऱ्याचंच. तिनं एका गोंड्याला बोट लावलं, पाकळ्या चुरून बघितल्या आणि हळू आवाजात म्हणाली, "उळ्याचा कांदा हाय हा. अख्खं वावर कापलं का काय?"

"अख्खं."

"कामून? गाव कुढं गेलं तुमचं?"

नवसाबाईनं नुसतं मांडवाकडं बोट केलं. गाव तिथंच होतं. नव्या साड्या, नव्या टोप्या, पुढच्या खुर्च्या धरून. अक्षदा हातात घेऊन.

साधनाबाई पुढं काही बोलली नाही. पण तिच्या जावा बोलल्या, नणंदा बोलल्या. निकिताला आजही सिन्नरला कुणी ना कुणी 'कांदेवाली' म्हणतं. नवरा, ज्ञानेश, चांगला पोरगा आहे. कंपनीत आहे. त्यानं मांडवाचे फोटो काढले आणि म्हणाला, असलं डेकोरेशन आमच्या साहेबाच्या घरी पण नव्हतं. पण नवरा काही चोवीस तास घरात नसतो.

साळूबाई लग्नाला आली. यायलाच लागलं, सख्खी जाऊ. जांभया देत होती. अक्षदा टाकायला हात वर केला तेव्हा मी बघितलं, नवसाबाईनंही बघितलं. तिची बोटं पिवळीधम्मक होती. झेंडू ओवला की बोटं तशी होतात, दोन दिवस जात नाहीत. हळद खेळलेली बाई आणि झेंडू ओवलेली बाई आमच्यात लांबून वेगळी ओळखू येते. साळूबाईनं हात पदराखाली घेतला. जेवतानाही एकच हात बाहेर.

जाताना ती म्हणाली, "बाई, मांडव लय छान दिसला हो. आगळाच."

झिपरू म्हणाला, "छान दिसला." भागीबाई म्हणाली, "छान दिसला." जो तो जिलेबी चघळत तेच म्हणत गेला. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण आमच्या गावाचा घसा साफ असतो.

नवसाबाई कुणाला एक शब्द बोलली नाही. पुढं उन्हाळा लागला. झिपरूच्या घरी लग्न निघालं. नवसाबाई टोपली घेऊन गेली, सुई घेऊन गेली, सगळ्यांत आधी जाऊन बसली. मी चिडून विचारलं, "वहिनी, लाज कशी वाटत नाय तुम्हाला? त्यांच्या दारात ओवायला जाता?"

"भाऊ," ती म्हणाली, "पोरीनं काय केलंय झिपरूच्या?"

मला वाटलं, विसरली. बाईची जात, गिळलं सगळं. मीच मूर्ख.

पाऊस झाला, दसरा झाला. रोपं टाकायची वेळ आली. वाफे तयार, शेणखत पडलेलं. आणि एके सकाळी गाव डबे घेऊन नवसाबाईच्या अंगणात आलं. पहिला झिपरू. डबा पुढं केला. "वहिनी, उळं."

"उळं नाय," नवसाबाई म्हणाली. ज्वारी पाखडत होती, सूप थांबलं नाही.

"नाय म्हंजी?"

"मांडवाला लावलं ना. तुम्हीच म्हनले, छान दिसला."

झिपरू आधी हसला. मग त्याचं हसू हळूहळू उतरलं. मागच्या लोकांत चुळबूळ सुरू झाली. भागीबाई म्हणाली, "आगं पन, मला वाटलं थोडंसंच कापलं असंल. बाकीचं ठेवलं असंल."

"हां," नवसाबाई म्हणाली. "मलाबी तसंच वाटलं व्हतं. एकाचं गेलं तरी बाकीच्यांचं येईल."

सुपाचा आवाज तेवढा. एकेक डबा तसाच माघारी गेला. त्या साली गावानं पुडीतलं उळं टाकलं. काय निघालं, ते गावाला विचारा. आमच्याही वावरात जोड कांदा निघाला. पण माझी तक्रार नाही.

शेवटी साळूबाई राहिली. सगळे गेल्यावर ओट्याच्या कोपऱ्याला टेकून उभी. हातात स्टीलचा डबा.

"बाई, तुमच्याकडं थोडंसं तर असंल. बांधाकडचे गोंडे राखले व्हते म्हने तुम्ही."

"हाय. माझ्यापुरतं."

"मग त्याच्यातलं..." ती रडवेली झाली. "बाई, पोराच्या हट्टापायी झालं हो. त्याचा नवा धंदा. मी आई हाय त्याची."

"मीबी कुणाची तरी आईच व्हते साळूबाई, त्या दिवशी." नवसाबाईनं सूप खाली ठेवलं. "आन उळं कामून मागती माझ्याकडं? किशोरला सांग की. सगळ्या गावाची फुलं त्याच्याकडं गेली, मग बी पन त्याच्याचकडं असंल."

साळूबाईनं डोळे पुसले आणि डबा उचलला.

"थांब," नवसाबाई म्हणाली. "दे इकडं."

आमच्याकडं दारात आलेलं भांडं रिकामं पाठवत नाहीत. वैऱ्याचं असलं तरी. नवसाबाई डबा घेऊन आत गेली. आतून काहीतरी टाकल्याचा कोरडा आवाज आला. ती बाहेर आली, झाकण दाबून लावलं आणि डबा जावेच्या हातात दिला.

साळूबाईचा चेहरा उजळला. तिथंच तिनं झाकण उघडलं.

आत मांडवातला वाळका डोंगळा होता. गोल, पिवळा पडलेला, सुतळीचा तुकडा अजून बांधलेला. तिनं तो तळहातावर चोळला. नुसता भुसा निघाला. काळा दाणा एक नाही.